१०० मीटरच्या रेषेबाहेरची जमीन

संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीची अट असताना बांधकामापूर्वी वेगळ्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणाची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. ही तरतूद प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने अधिक कडक झाली हे खरे. परंतु ती घोषित स्मारकांपुरतीच आहे, आणि जे अजून मातीखाली आहे त्याची घोषणा होणार कशी? साष्टीत, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या साष्टी बेटावर, शिलाहार राजवटीच्या काळातील गधेगाळ (गाढवाचे शापचित्र कोरलेले दानाचे दगड), वीरगळ (वीरांचे स्मृतिदगड), जुन्या मंदिरांचे सुटे दगड एखाद्या देवळाच्या पारावर किंवा वस्तीच्या कडेला आढळतात, आणि त्यांच्याभोवती अशी रेषा नसते. जेसीबी एकदा फिरला की खापरे सापडली तरी ती मातीच्या कोणत्या थरातील, म्हणजे कोणत्या काळातील, हे सांगता येत नाही. १८७८ च्या गुप्तधनविषयक कायद्यानुसार वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवली, तरी तो थर गेलेलाच असतो. म्हणून पाया खणण्यापूर्वी जुने नकाशे, गावठाणाच्या नोंदी आणि कोळी, आगरी व ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती) कुटुंबांच्या आठवणी तपासाव्यात, जमीन पायी पाहावी आणि शंका असेल तेथे चाचणी खड्डे घ्यावेत; बुजवलेल्या विहिरी व तलावांच्या काठांपासून सुरुवात करावी, असे मला आग्रहाने वाटते.