शब्दचर्चा : 'ट्रान्सम्प्ट'ला मराठीत काय म्हणावं? नक्कल, तालीक की उतारा?

प्रश्न

स्कॉटलंडच्या जुन्या जमीन-कायद्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात 'ट्रान्सम्प्ट' हा शब्द वारंवार येतो. दस्तऐवजाची कोर्टाकडून खरी करून घेतलेली प्रत, असा अर्थ शब्दकोशात मिळाला. मी सगळीकडे 'नक्कल' लिहिलं आणि परत वाचताना मलाच खटकलं. आजच्या वाचकाला नक्कल म्हटलं की खोटी वस्तू आठवते, नाहीतर कुणाची तरी केलेली नक्कल. इथे अर्थ नेमका उलटा आहे, म्हणजे जी प्रत मुळाइतकीच चालते ती. त्याच लेखात 'एक्स्ट्रॅक्ट' हा शब्दही आहे, तोही प्रतीसाठीच. दोन्हींना एकच शब्द चालेल का? जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद १

ताई, एकच शब्द चालणार नाही. दोन्ही प्रती खऱ्याच, पण त्यांचा खरेपणा वेगवेगळ्या ठिकाणाहून येतो.

ट्रान्सम्प्टचं मूळ लॅटिन आहे. इथलं घेऊन तिथे नेणं, असा त्याचा धात्वर्थ. समजा एकाच मोठ्या जमिनीचे दोन वाटे झाले. जुनी सनद एकच आणि ती पहिल्या वाटेकऱ्याच्या पेटीत. उद्या दुसऱ्याच्या हक्कावर कुणी बोट ठेवलं तर त्याने दाखवायचं काय? अशा वेळी तो कागद बाळगणाऱ्यावर दावा लावी. या दाव्याचं नावच 'ट्रान्सम्प्टचा दावा'. तो सनद मागत नसे. सनद कोर्टापुढे आणावी आणि तिची प्रत आपल्याला मिळावी, एवढंच त्याचं मागणं. कागद हजर झाला की त्यात खाडाखोड किंवा संशयाची जागा आहे का ते बघत. मग प्रत काढून मुळाशी ताडून बघत, आणि कारकुनाची सही झाली की ती प्रत मुळाच्या जागी उभी राही. कागद बनावट असल्याचाच आरोप असेल तर मात्र मूळच बघावं लागे. शाई आणि हस्ताक्षर प्रतीत उतरत नाही ना!

प्रतींची एवढी काळजी का, तर स्कॉटलंडची दफ्तरं किती वेळा उचलून नेली ते बघा. १२९६ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने नेली, १६५१ मध्ये क्रॉमवेलच्या फौजेने नेली. १६६० मध्ये ती लंडनहून समुद्रमार्गे परत येत होती. वादळ झालं, काही पिंपं 'एलिझाबेथ' नावाच्या दुसऱ्या जहाजावर हलवली आणि नेमकं तेच बुडालं. कागदांनी भरलेली ८५ मोठी लाकडी पिंपं गेली. हा प्रसंग वाचला की माझ्या पोटात आजही कालवतं. ज्या कागदाची प्रत कुणाच्या घरी राहिली होती तेवढाच वाचला.

शब्दाबद्दल म्हणाल तर मी 'तालीक' सुचवेन. मोडी कागदांत हा शब्द पावलोपावली भेटतो, आणि त्याला खोटेपणाचा वासही नाही.

प्रतिसाद २

वरची माहिती उत्तम, पण 'तालीक' इथे बसत नाही असं मला वाटतं. मराठेशाहीतल्या इनामपत्रांचा शेवट आठवा. या पत्राची तालीक लिहून घेऊन असल पत्र भोगवट्यास परत द्यावं, अशा अर्थाचं वाक्य असतं. म्हणजे तालीक दफ्तरात राही आणि मूळ धन्याच्या घरी जाई. ट्रान्सम्प्टमध्ये दफ्तराचा संबंधच नाही. मूळ दुसऱ्या पक्षाकडे, प्रत दावा लावणाऱ्याकडे.

तालिकेला स्कॉटलंडमध्ये जोड आहे, पण ती वेगळीकडे. तिथे १६१७ च्या कायद्याने 'सेसीनचं रजिस्टर' सुरू झालं. सेसीन म्हणजे जमिनीचा ताबा देणं. पूर्वी ताबा देताना त्या जमिनीवर उभं राहून तिथलीच माती आणि दगड घेणाऱ्याच्या हातात ठेवत, आणि नोटरी त्याचा लेख करी. तो लेख रजिस्टरात अक्षरशः उतरवून घेत आणि नोंद झाल्याचा शेरा मारून मूळ परत देत. रजिस्टरात राहिली ती खरी तालीक. आपल्याकडच्या पत्रावर 'बार सूद' लिहीत, त्याच जातीचा हा शेरा.

'एक्स्ट्रॅक्ट'ची चाल याच्या उलट. एडिंबरोच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाच्या दस्त-वह्या आहेत, 'बुक्स ऑफ काउन्सिल अँड सेशन'. त्यांत दस्त नोंदवला की मूळ तिथेच जपून ठेवतात आणि पक्षकाराच्या हाती येतो तो एक्स्ट्रॅक्ट. तो मुळाच्या बरोबरीने चालतो. त्यामुळे शब्द ठरवण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो : मूळ कुठे राहिलं?

एक्स्ट्रॅक्टला आपल्याकडे तयार शब्द आहे, 'उतारा'. धात्वर्थसुद्धा जुळतो. वहीतून उतरवून घेतलेला तो उतारा, नोंदीतून ओढून काढलेला तो एक्स्ट्रॅक्ट. सातबाराचा उतारा मागताना आपण 'मूळ सातबारा द्या' म्हणत नाही, कारण मूळ म्हणजे गावचं दफ्तर हे सगळ्यांना ठाऊक असतं. स्कॉटलंडमध्ये जन्माचा दाखलाही आज जन्मनोंदीचा एक्स्ट्रॅक्टच म्हणवतो. फरक एवढाच की सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे, आणि तिथे पूर्ण दस्ताचाही उतारा मिळतो.

प्रश्नकर्तीचं उत्तर

'उतारा' एकदम पटला. मी तिथे 'सारांश' लिहून बसले होते, ते तर साफ चुकीचं होतं. ट्रान्सम्प्टचं काय करू?

प्रतिसाद ३

मी बरीच वर्षं कोर्टात कारकुनी केली. 'नक्कल' शब्दावर एवढा राग नको, ही माझी विनंती. बाजारात तो बिघडला, पण कोर्टात अजून शाबूत आहे. पक्षकार आजही नकलेचा अर्ज करतो आणि प्रतीवर 'खरी नक्कल' असा शिक्का बसतो. शिवाय त्या प्रतीच्या तळाशी दोन वेगळ्या सह्या असत : एक नक्कल करणाराची, दुसरी रुजवात घेणाराची. आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रतीवर बोट फिरवत जायचं. काना-मात्रा चुकली तरी थांबायचं. स्कॉटलंडच्या कारकुनाचं ते 'ताडून बघणं' म्हणजे हीच रुजवात.

म्हणून माझं मत : पहिल्यांदा येईल तिथे 'ट्रान्सम्प्ट, म्हणजे कोर्टाने रुजवात घेऊन दिलेली नक्कल' असं पूर्ण लिहा. पुढे नुसतं 'रुजवात-नक्कल' चालेल. वाचकाला दुसऱ्यांदा अडखळायला होणार नाही.

प्रश्नकर्तीचं उत्तर

काका, 'रुजवात-नक्कल' घेतला. वाक्य आता असं झालंय : 'सनद थोरल्या भावाकडे होती, म्हणून धाकट्याने कोर्टातून तिची रुजवात-नक्कल मिळवली, पुढे स्वतःचा दस्त मात्र त्याने नोंदवला आणि उतारा घरी आणला.'

अजून एक अडलंय. जुन्या कागदांत 'विडिमस' नावाची प्रत येते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'आम्ही पाहिलं आहे'. कुणी अधिकारी मूळ कागद स्वतः बघून तशी साक्ष देतो आणि खाली तो कागद पूर्ण उतरवतो. यात दावा नाही, रजिस्टरही नाही.

प्रतिसाद २

मग मूळ ज्याचं त्याच्याकडेच राहिलं, आणि खरेपणा आला तो बघणाऱ्याच्या शब्दावरून. 'साक्षांकित प्रत' लिहा. नोकरीच्या अर्जाला जोडायला राजपत्रित अधिकाऱ्याकडून सही आणायचो, ती हीच.