मदत हवी आहे: अमेरिकेची मंदी, बहामास-जमैका आणि आमची मनीऑर्डर

नमस्कार मंडळी, मी वेंगुर्ल्याची, एमए इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला विषय घेतलाय मोठ्या देशाचं व्यापारचक्र (म्हणजे तेजी-मंदीचा फेरा) आणि छोटी बेटं. घेताना वाटलं सोपंय, अमेरिकेत मंदी आली की तिकडचे लोक फिरायला जात नाहीत, बेटावरची हॉटेलं ओस पडतात, झालं. आता आकडे बघितल्यावर डोक्याचा पार भुगा झालाय.

अमेरिकेतली मंदी डिसेंबर २००७ ते जून २००९. मी बहामास आणि जमैका घेतले, दोन्ही अमेरिकेच्या परसात, दोघांचे बहुतेक पाहुणे अमेरिकन. बहामासमध्ये २००९ ला मुक्कामी पाहुणे साधारण १० टक्क्यांनी घटले, बेकारी ९ टक्क्यांच्या खाली होती ती १४ वर गेली, म्हणजे अपेक्षेप्रमाणेच. पण जमैकात त्याच वर्षी पाहुणे चक्क थोडे वाढले! बरं मग जमैका सुटलं म्हणावं तर तेही नाही, फेब्रुवारी २०१० ला कर्जासाठी आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या) दारात उभं. सर म्हणतात "चॅनेल वेगळे कर", म्हणजे मंदी बेटावर कुठकुठल्या वाटांनी पोचते ते वेगळं दाखव, पण करू कसे?

दुसरं म्हणजे आमचे आजोबा लालबागला गिरणीत होते, १९८२ च्या संपात गावी परत आले. आजी सांगते, मनीऑर्डर थांबली आणि घरात खाणारं तोंड एक वाढलं. संप म्हणजे मंदी नव्हे हे कळतंय मला, पण कोकणची तुलना टाकली तर हसतील का?

प्रतिसाद १
आधी चलन बघ. बहामासचा डॉलर अमेरिकन डॉलरला एकास एक बांधलेला. जमैकाचा सुटा, २००८ च्या मध्याला एका अमेरिकन डॉलरला साधारण ७२ मिळायचे, २००९ च्या सुरुवातीला ८९ च्या आसपास, म्हणजे चलन पडलं. खोलीचं भाडं येतं अमेरिकन डॉलरमध्ये, वेटर-माळ्याचा पगार जातो जमैकन डॉलरमध्ये, तो आता स्वस्त पडतो, मग हॉटेलवाल्याला भाडं उतरवायला जागा मिळते. सगळं श्रेय चलनाला देऊ नकोस, पण सुरुवात तिथून कर. आणि पर्यटन हा एकच दरवाजा झाला. अ‍ॅल्युमिनियमचा भाव कोसळला तसे जमैकातले अ‍ॅल्युमिनाचे (अ‍ॅल्युमिनियमच्या कच्च्या मालाचे) बहुतेक कारखाने २००९ ला बंद पडले, अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून येणारे पैसेही घटले, वर सरकारचं बरंच कर्ज परकी चलनातलं, चलन पडलं की ते आपोआप फुगतं. म्हणजे ज्या घसरणीने पाहुणे टिकवायला मदत झाली तिनेच कर्ज जड केलं, तुझं कोडं इथेच आहे.

प्रतिसाद २
तारकर्लीत आमचो होमस्टे आसा म्हणान सांगतंय. हात आखडलो तरी पावणे येतत, पण तीन रातींचे येकच रात ऱ्हवतत आणि सुरमईची थाळी सोडून बांगड्याची मागतत. नुसती टाळकी मोजू नको गो, खर्च मोज.

धागाकर्ती
काका, थँक्यू! म्हणजे मी नुसते आगमनाचे आकडे धरून बसले होते. पण कोकणचं काय?

प्रतिसाद १
टाक की. वेंगुर्ल्याचा रुपया काही वेगळा नाही, मुंबई बसली म्हणून इथला रुपया स्वस्त करता येत नाही, म्हणजे तुम्ही बहामासच्या रांगेतले. फरक एवढाच की बहामासच्या माणसाला मायामीत नोकरी करायला व्हिसा लागतो, तुझ्या आजोबांना नुसतं तिकीट पुरलं. जाताना सोपं तसं परत येतानाही सोपं, म्हणून आजी म्हणते ते दोन्ही एकदम झालं, पैसा थांबला आणि माणूस घरी आला. हा मुद्दा स्थलांतराच्या चॅनेलमध्ये घाल, आणि संप व मंदी वेगळी हे स्पष्ट लिही, नाहीतर व्हायव्हात तिथेच धरतील.

धागाकर्ती
हो, लिहिते तसं. आता पाहुण्यांच्या खर्चाचे आकडे शोधायला बसते. सुरमई-बांगड्याचं सरांना सांगू की नको ठरत नाहीये, ते शाकाहारी आहेत.