मदत हवी आहे: केळशीजवळ घर बांधतोय. बाबांना खिडकीतून वाडी दिसायला हवी, पण वाडी नेमकी झडीच्या बाजूला आहे

नमस्कार मंडळी.

दापोली तालुक्यात केळशीजवळ आमचं घर आणि नारळी-पोफळीची वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात कौलं उडाली, आढं मोडलं, पोफळी जवळजवळ सगळ्या आडव्या झाल्या. घाईघाईने उरलेल्या भिंतींवर पत्रे टाकले, ते अजून तसेच आहेत. मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही, आणि पावसात पत्र्यांच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे. जन्म वाडीत गेला, पण गुडघ्यांमुळे वर्षभर तिकडे उतरलेले नाहीत. त्यांच्या खोलीच्या एकुलत्या एका खिडकीतून फक्त शेजारची भिंत दिसते. वादळानंतर लावलेल्या पोफळी धरायला लागल्या, हे आम्ही सांगितल्यावर त्यांना कळलं. ते मला फार लागलं.

रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास वाचल्यापासून तर हा विषय डोक्यातून जात नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली.

म्हणून ठरवलंय: जुन्याच जोत्यावर जांभ्याचं घर, चौपाखी कौलारू छप्पर. बाबांच्या खोलीची खिडकी जमिनीपासून दोन फुटांवर, म्हणजे खाटेवर पडल्या पडल्या वाडी दिसेल. खोलीपासून न्हाणीघरापर्यंत कुठेही उंबरठा नको.

अडचण अशी की वाडी पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला आहे. पाऊस तिथूनच येतो आणि वादळही. वळचण लांब काढली तर झड अडते, जांभ्याचा चिरा भिजत नाही, पण तीच लांब वळचण वारा खालून उचलतो. आमचे इंजिनिअर म्हणतात, स्लॅब टाका, वर पत्र्याची शेड करा, सरकत्या काचा लावा आणि मोकळे व्हा. गावात खाऱ्या हवेने सळ्या गंजून खपल्या पडलेले स्लॅब मी पाहिलेत, म्हणून मन घेत नाही.

वळचण किती ठेवू? चिऱ्याला आतून गिलावा चुन्याचा की सिमेंटचा?

प्रतिसाद

ताई, पश्चिमेला पुढे पडवी बांधा, पण तिचं छप्पर घराच्या छपराला जोडू नका. पडवीचे वासे खाली, वेगळ्या तुळईवर टेकवा. वारा शिरून पडवी गेलीच तरी घरावरची कौलं राहतील. मग मुख्य वळचण दीड फुटावर आणता येते. झड अडवायचं काम पडवीचं.

वासे भिंतीवर नुसते ठेवू नका. चिऱ्याच्या शेवटच्या थरावर सळ्या घालून काँक्रीटचा पट्टा ओता, त्यात बोल्ट सोडा आणि छप्पर त्याला आवळा. पट्ट्याला विहिरीचं मचूळ पाणी वापरू देऊ नका, सळ्या गंजायची सुरुवात तिथूनच होते. मंगलोरी कौलाला खालून भोकाचा कान असतो. वळचण, आढं आणि कोनवासे (कोपऱ्यांवरचे तिरके वासे) यांच्या कडेच्या ओळी तरी त्यातून तांब्याच्या तारेने रिपांना बांधा. आमच्या गुहागरच्या घरी साधी लोखंडी तार वापरली होती, ती गंजून तुटली.

गिलावा चुन्याचाच. सिमेंट ओल आत कोंडतं आणि मग पोपडे सुटतात. बाहेरून गिलावा नको, चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या नुसत्या दर्जा भरा. पावसाळ्यात पडवीला झापं (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) बांधाल तेव्हा बाबांच्या खिडकीसमोरच्या गाळ्याला मात्र जाड पारदर्शक प्लॅस्टिक लावा, नाहीतर ऐन हिरव्यागार चार महिन्यांत त्यांना झापच बघत बसावं लागेल.

धागाकर्ती

मनापासून आभार. झापांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रात्री बाबांना कागदावर पडवी काढून दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, खिडकी अजून चार बोटं खाली घे, शिंपण्याच्या वेळी पाटातलं पाणी दिसायला हवं. तेवढी खाली घेतेय.

दापोली-मंडणगड भागात कौलारू छपराचं काम करणारा जुना सुतार कोणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दिवाळीनंतर काम सुरू करायचं आहे.