रेडिओ, नकाशा आणि देवी

साथींवर लक्ष ठेवणारा डॉक्टर म्हणजे आकडे भरणारा कारकून, असं काही जणांना वाटतं. मला ते पटत नाही. विल्यम फेगी या अमेरिकन डॉक्टरचं उदाहरण बघा. १९६६ चा डिसेंबर, पूर्व नायजेरिया. देवी या रोगाचा रुग्ण सापडला, पण सगळ्यांना टोचायला लस नव्हती. रोज संध्याकाळी मिशनरी मंडळी रेडिओवर एकमेकांशी बोलत. फेगीने नकाशा पसरून प्रत्येकाला आपापला भाग वाटून दिला: गावोगाव माणूस पाठवा, देवी आहे का विचारा. दुसऱ्या दिवशी रेडिओवरच उत्तरं आली. मग होती तेवढी लस त्या गावांत, आणि तिथली माणसं जिथे बाजाराला किंवा नातेवाइकांकडे जातात अशा ठिकाणी. निम्म्याहून कमी लोकांना टोचूनही साथ काही महिन्यांत आटोपली.

आपल्याकडे १९७४ साली बिहारमध्ये हीच पद्धत वापरताना मात्र रुग्णांचे आकडे इतके वाढले, की राज्याचे आरोग्यमंत्री म्हणाले, पुन्हा सरसकट लसीकरण करू. (यात मंत्र्यांचं फार चुकलं असं मला वाटत नाही, घरोघर शोध घेतला की रुग्ण जास्तच दिसणार, आणि विधानसभेत ते कोण समजावणार?) बैठकीत एक तरुण भारतीय डॉक्टर उठून म्हणाला, आमच्या गावात घर पेटलं तर पाणी त्याच घरावर ओततात, सगळ्या घरांवर नाही. मंत्र्यांनी या पद्धतीला आणखी एक महिन्याची मुदत दिली. मे १९७५ मध्ये भारतातल्या लागणीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला.