वॉरस्पाइटची नॉर्मंडीतली कामगिरी

वॉरस्पाइट या ब्रिटिश युद्धनौकेच्या कामगिरीचा कळस म्हणजे जुलै १९४० मध्ये सुमारे २४ किलोमीटरवरून इटालियन युद्धनौका 'जुलिओ चेझारे'वर तिने बसवलेला गोळा, असं एक मत आहे. नेम अचूक होताच, पण मला नॉर्मंडीतली, म्हणजे दोस्त सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं तेव्हाची, तिची कामगिरी मोठी वाटते.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या सालेर्नोजवळ जर्मन रेडिओ-नियंत्रित बॉम्ब तिच्या पोटात घुसला. ती पूर्ण दुरुस्त झालीच नाही. १५ इंची ८ तोफांपैकी ६च चालत होत्या, एक बॉयलररूमही निकामीच राहिली. तरी ६ जून १९४४ ला ती नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर व्हिलरविलच्या जर्मन तोफखान्यावर मारा करत होती! १९१६ ला पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या सागरी लढाईत सुकाणू अडकून शत्रूच्या माऱ्यात गोल फिरलेली हीच नौका. १९४७ मध्ये भंगारात नेतानाही दोर तुटून ती कॉर्नवॉलच्या खडकांवर जाऊन बसली.