ओओटीपी बेसबॉल: ऑनलाइन लीगमध्ये पहिल्यांदा संघ घेतोय, सल्ला हवा

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' म्हणजे ओओटीपी हा बेसबॉल संघ चालवण्याचा संगणक-खेळ एकट्याने, संगणकाच्या संघांविरुद्ध खेळून झालंय. आता माणसं चालवतात अशा लीगमध्ये एक संघ घ्यायचा आहे. पत्ते गोळा करायचा 'परफेक्ट टीम' प्रकार नको, खराखुरा जनरल मॅनेजर व्हायचंय. पुण्यात राहतो, विंडोज लॅपटॉप आहे, रोज अर्धा तास देता येईल. लीग निवडताना काय बघू? फाइल एक्स्पोर्ट करण्याचा प्रकार नेमका कसा चालतो? आणि सुरुवातीला काय टाळू?

शॉर्टस्टॉप

सगळ्यात आधी सिमची वेळ बघा, म्हणजे लीगचे पुढचे काही दिवस संगणकावर एकदम खेळवले जातात ती वेळ. खेळाडू, संघ वगैरे नंतर. बहुतेक लीग अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळावर चालतात. तिथे रात्री 9 वाजता सिम असेल तर आपल्याकडे उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. म्हणजे रात्री झोपायच्या आधी एक्स्पोर्ट (आपल्या संघातल्या बदलांची फाइल) टाकायचा, सकाळी चहाबरोबर निकाल बघायचे. भारतातून खेळायला ही वेळ उत्तम. सिम तिथल्या सकाळी 9 ला असेल तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात, म्हणजे ऐन ऑफिस सुटण्याची वेळ. अशा लीगमध्ये एक्स्पोर्ट हमखास चुकतात.

दुसरी गोष्ट वेग. एका सिममध्ये 7 दिवस आणि आठवड्याला 3 सिम, हे बऱ्याच ठिकाणी दिसतं. नियमित मोसम साधारण 186 दिवसांचा, म्हणजे 27 सिम, म्हणजे 9 आठवडे. वर ऑफ-सीझनचे तीन-चार आठवडे धरा. रोज सिम असलेली लीग अर्ध्या तासात निभते, पण ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड) आणि फ्री एजन्सी (करारमुक्त खेळाडूंची खरेदी) यांच्या दिवसांत दम काढते. सुरुवातीला आठवड्याला 3 पुरे.

तिसरी, काल्पनिक खेळाडूंची लीग घ्या. खऱ्या एमएलबीच्या (अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक बेसबॉल लीग) खेळाडूंपासून सुरू होणाऱ्या लीगमध्ये लहानपणापासून बेसबॉल बघणारे लोक असतात. कोणत्या संघाच्या खालच्या पातळीवर, म्हणजे कनिष्ठ संघांत, कोण पोरगा तयार होतोय हे त्यांना तोंडपाठ असतं. काल्पनिक लीगमध्ये सगळेच त्याच आकड्यांकडे बघतात. क्रिकेट बघून वाढलेल्या माणसाला तिथे बरोबरीने उभं राहता येतं.

आणि खेळ विकत घेण्याआधी लीग कोणत्या वर्षाच्या आवृत्तीवर चालते ते विचारा. दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि ती वेगळी विकत घ्यावी लागते. जुनी लीग नव्या आवृत्तीत नेता येते, परत मागे आणता येत नाही. त्यामुळे बरेच कमिशनर, म्हणजे लीग चालवणारे, मोसम संपेपर्यंत जुन्यावरच थांबतात.

बुलपेन

एक्स्पोर्टबद्दल जरा सविस्तर लिहितो. नवे लोक संघ सोडतात ते हरण्यापेक्षा फाइलींच्या गोंधळामुळेच जास्त.

खरी लीग कमिशनरच्या संगणकावर असते. तुमच्याकडे असते ती तिची प्रत. दिवस पुढे सरकवणं फक्त कमिशनरच्या हातात. सिम झाला की तो नवी लीग फाइल सर्व्हरवर चढवतो. तुम्ही ती खेळाच्या ऑनलाइन मेनूतून उतरवून घ्यायची, संघात हवे ते बदल करायचे आणि संघाचा एक्स्पोर्ट सर्व्हरवर पाठवायचा. ही एक छोटी फाइल असते, नावात तुमच्या संघाचा क्रमांक असतो. पुढच्या सिमच्या आधी कमिशनर सगळ्यांचे एक्स्पोर्ट आत घेतो. चक्र एवढंच.

बिघडतं ते तीन जागी. पहिली, जुन्या फाइलीवर केलेला एक्स्पोर्ट. मंगळवारचा सिम झालाय, तुम्ही नवी फाइल न उतरवता रविवारच्या प्रतीवर बदल करून पाठवलेत, तर ते धरले जात नाहीत. खेळ उघडल्यावर पडद्यावरची लीगची तारीख आणि लीगच्या पानावरची तारीख जुळते का, हे पाच सेकंदांत बघून घ्या. दुसरी, एक्स्पोर्ट न करता नवी फाइल उतरवणं. नवी प्रत जुनीवर बसते, तासभर बसून लावलेली लाइनअप गेली. तिसरी, एक्स्पोर्ट झाल्यावर 'अजून एकच बदल' करणं. तो बदल फक्त तुमच्या लॅपटॉपवर राहतो. पुन्हा एक्स्पोर्ट करा. कितीदाही पाठवता येतो, शेवटचा चालतो.

पाठवून झाल्यावर लीगच्या पानावर तुमच्या संघासमोर एक्स्पोर्टची वेळ दिसते का ते बघा. स्टॅट्सलॅब (ऑनलाइन लीगसाठीचं वेब-साधन) वापरणाऱ्या लीगमध्ये हे एका नजरेत कळतं. खेळाने 'झालं' म्हटलं तरी फाइल अर्धवट चढलेली असू शकते.

विंडोजवर आणखी एक. लीग डॉक्युमेंट्सच्या आत, सेव्ह केलेल्या खेळांच्या फोल्डरमध्ये बसते. वनड्राइव्ह आपोआप डॉक्युमेंट्स उचलत असेल तर फाइल उघडताना अडकू शकते. ते फोल्डर वनड्राइव्हमधून काढून टाका. आणि स्टीमवर या खेळाचा अपडेट 'खेळ सुरू केल्यावरच' असा लावा. नवा पॅच आला की कमिशनरने तो घेतलाय का हे विचारूनच खेळ उघडा. दोघांची आवृत्ती वेगळी असेल तर फाइल नीट उघडेलच असं नाही.

डावखुरा

फाइलींचं बुलपेन यांनी सगळं सांगितलं, मी खेळाडू वाचण्याबद्दल लिहितो.

खेळाडूच्या नावासमोरच्या ताऱ्यांवर जाऊ नका. तारे म्हणजे तुमच्या स्काउटचं मत, तेही लीगमधल्या इतरांच्या तुलनेत. बॅटर बघताना कॉन्टॅक्ट (चेंडू बॅटवर घेण्याची क्षमता) हा आकडा सगळ्यांना भुरळ घालतो, पण त्यात पॉवर आणि स्ट्राइकआउट टाळण्याची क्षमता आधीच मिसळलेली असते. म्हणून गॅप (फील्डरांच्या मधून मोठे फटके), पॉवर (होमरन), आय (वाईट चेंडू सोडून वॉक मिळवणं) आणि स्ट्राइकआउट टाळणं हे चार वेगवेगळे बघा. 20 ते 80 च्या पट्टीवर कॉन्टॅक्ट 50 पण आय 65, पॉवर 60 असा बॅटर संगणकाविरुद्धच्या खेळात स्वस्तात मिळतो. माणसांच्या लीगमध्येही नवख्या मॅनेजरकडून मिळून जातो. डाव्या आणि उजव्या पिचरविरुद्धचे आकडे वेगळे उघडून बघा. उजव्याविरुद्ध 60 आणि डाव्याविरुद्ध 35 असलेला माणूस रोज खेळवायचा नसतो.

पिचरमध्ये स्टफ (बॅटर चुकवण्याची ताकद), मूव्हमेंट (होमरन टाळणं), कंट्रोल (वॉक टाळणं) हे तीन. सामना सुरू करणाऱ्या पिचरकडे स्टॅमिना हवा आणि किमान 3 कामाच्या पिच, म्हणजे चेंडूचे प्रकार, हव्यात. दोनच पिच असतील तर स्टफ कितीही दिसो, तो बुलपेनचा, म्हणजे नंतर बदली म्हणून येणारा, माणूस.

ईआरए (दर 9 इनिंगमागे पिचरच्या खात्यावरचे रन) बघून पिचर विकत घेऊ नका, एफआयपी (फील्डिंगचा भाग वगळून केलेलं तसंच माप) बघा. होमरनला 13 ने गुणा, वॉक आणि अंगावर चेंडू लागलेले बॅटर यांच्या बेरजेला 3 ने, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करा, इनिंगने भागा आणि लीगचा स्थिरांक मिळवा. तो साधारण 3.1 च्या आसपास असतो. समजा 180 इनिंग, 20 होमरन, 50 वॉक, 6 अंगावर, 190 स्ट्राइकआउट. 260 अधिक 168 उणे 380, म्हणजे 48. भागिले 180, झाले 0.27. एफआयपी 3.37. या माणसाचा ईआरए 4.60 दिसत असेल तर दोष बहुतेक त्याच्यामागच्या फील्डिंगचा किंवा नशिबाचा. त्याला मागा. उलटा प्रकार, म्हणजे ईआरए 2.90 आणि एफआयपी 4.40, तुमच्याकडे असेल तर तो विकण्याची वेळ हीच.

फील्डिंगमध्ये शॉर्टस्टॉप, सेंटर फील्ड आणि कॅचर या तीन जागांवर तडजोड नको. तिथे बॅट घेऊन उभा केलेला मठ्ठ फील्डर तुमच्या पाचही पिचरांचा ईआरए वाढवतो.

शॉर्टस्टॉप

डावखुरा, आकड्यांशी सहमत. फक्त 'मागा' हे नव्या माणसाला पहिल्या महिन्यात सांगू नका. संघ हातात आला की पाच-सहा जण लगेच ट्रेडचे निरोप पाठवतात. त्यांना तुमच्या संघाची माहिती तुमच्याहून जास्त असते. पहिले चार-पाच सिम एकही ट्रेड नको. विनम्रपणे 'अजून संघ बघतोय' एवढं लिहा. पण उत्तर जरूर द्या. लीगमध्ये गप्प राहणाऱ्या माणसाशी पुढे कोणी व्यवहार करत नाही.

त्या काळात करारांचं पान वाचून काढा. कोणाची किती वर्षं उरलीत, आरबिट्रेशनला (लवादाकडून पगार ठरणं) कोण येतंय, कोणाच्या ऑप्शन (खालच्या संघात पाठवण्याची मुभा) संपल्यात. खऱ्या एमएलबीचे नियम लावलेले असतील तर 172 दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष आणि 6 वर्षांनी फ्री एजन्सी. संघाच्या 40 जणांच्या राखीव यादीतल्या खेळाडूला 3 ऑप्शन वर्षं मिळतात, ती संपली की खाली पाठवताना तो वेव्हरवर जातो, म्हणजे इतर संघांना देऊ केला जातो, आणि दुसरा कोणीतरी उचलतो. रूल 5 ड्राफ्टच्या (यात यादीबाहेरची पोरं इतर संघ उचलू शकतात) आधी चांगली पोरं 40 च्या यादीत घ्यायला विसरणं ही पहिल्या वर्षाची ठरलेली चूक.

बुलपेन

आणि 7 दिवसांच्या सिमसाठी डेप्थ चार्ट, म्हणजे प्रत्येक जागेच्या बदली खेळाडूंची यादी, भरा. संगणकाविरुद्ध एकेक दिवस खेळताना त्याची गरज भासत नाही. इथे सोमवारी शॉर्टस्टॉप जखमी झाला की रविवारपर्यंत तुम्ही काही करू शकत नाही. प्रत्येक जागेला किमान एक बदली खेळाडू लावा, त्याने त्या जागेवर आधी खेळलेलं असावं. कॅचरला तर दर पाचव्या सामन्याला विश्रांती ठरवूनच ठेवा, नाहीतर ऑगस्टपर्यंत तो थकून बसतो. जखमींच्या यादीतला कोणी त्या आठवड्यात परत येणार असेल तर सामन्यांसाठीच्या 26 जणांत जागा कोणाची जाईल हे आधीच ठरवा. नियमानुसार पिचर 13 पेक्षा जास्त चालत नाहीत, तेही मोजून घ्या.

धागाकर्ता

मनापासून धन्यवाद. एका काल्पनिक लीगमध्ये दोन संघ रिकामे आहेत. एक गेल्या मोसमात 88 सामने जिंकलेला, पण मुख्य चार खेळाडू वयाने 33 च्या पुढचे आणि करार मोठे. दुसरा 64 जिंकलेला, पगाराचा बोजा कमी, खालच्या पातळीवर चांगली पोरं. सगळे दुसरा घे म्हणतायत. आणि ड्राफ्ट आपल्या पहाटे 4 ला आहे, त्याचं काय करू?

डावखुरा

दुसराच घ्या. 33 च्या पुढे आकडे घसरतात आणि करार तेवढेच राहतात. फक्त नियमावलीत टॅलेंट चेंज रँडमनेस (खेळाडूंची गुणवत्ता अचानक किती बदलते) किती आहे ते बघा. खेळातलं मूळ 100 असेल तर दर वर्षी काही पोरांचं पोटेन्शियल (पुढे गाठता येणारी पातळी) कोसळणार हे धरून चाला. सगळी आशा दोन पिचरांवर असेल तर तो संघ दिसतो तेवढा श्रीमंत नाही.

शॉर्टस्टॉप

माझं मत उलटं. 64 वाल्या संघात पहिली दोन वर्षं हरायचं असतं आणि नव्या माणसाचा उत्साह तिथेच आटतो. 88 वाला घ्या, पहिल्या मोसमात लाइनअप, बुलपेन, डेप्थ चार्ट सगळं खऱ्या चुरशीत शिकाल. जुलैत मागे पडलात तर तेच चार जण जिंकायला निघालेल्या संघांना विका. फक्त कोणाच्या करारात नो-ट्रेड कलम (परवानगीशिवाय दुसऱ्या संघाला देता येत नाही) आहे हे आधी बघा. दोघांकडे असेल तर मात्र डावखुरा म्हणतात तेच बरोबर.

बुलपेन

ड्राफ्टसाठी जागू नका, यादी देऊन ठेवा. 24 संघ असतील तर तुमची पाचवी निवड 120 नावं संपेपर्यंत येते, म्हणून किमान 120 नावं क्रमाने लावा. यादी संपली की निवड तुमच्या हातात राहत नाही. वरची 15 नावं हाताने, एकेक प्रोफाइल उघडून लावा. तिथे दुखापतीचा शेरा 'फ्रॅजाइल' आणि वर्क एथिक कमी असेल तर नाव खाली ढकला. पुढची पोटेन्शियलनुसार चाळून घेतली तरी चालतील. शाळेतून आलेले पिचर जरा खालीच ठेवा, त्यांना वर यायला पाच-सहा वर्षं लागतात आणि मधल्या काळात कोपर जातं. यादी दोन दिवस आधी चढवा आणि ती पोचली का हे कमिशनरला एका ओळीत विचारा.