मदत हवी आहे: पॉवर हॅमरचा पाया कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी. आमचं पिढीजात लोहारकाम. मागच्या वर्षी जुना, स्प्रिंगच्या पाट्यांचा पॉवर हॅमर (मोटरवर चालणारा घण) घेतला. 40 किलोचा ठोका, 5 एचपीची मोटर. ऊसतोडीच्या कोयत्यासाठी ट्रकचा पाटा लालभडक तापवून खाली धरला की घण मारणाऱ्या दोघांचं काम एकट्यानं उरकतं. वडिलांचा खांदा वाचला, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं.

पण ठोक्यागणिक जमीन हादरते. शेजारच्या काकूंच्या मांडणीवरची भांडी वाजतात, आता भिंतीलाही चीर गेलीय. ऐरण आणि सांगाडा एकाच काँक्रीटवर बसवलेत, तिथंच चुकलं असं वाटतं. ऐरणीचा पाया वेगळा काढून खाली बाभळीचे ओंडके घालावेत की जाड रबर? खड्डा किती खोल घ्यावा? दसऱ्याला ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत काम सुरू व्हायला हवं. ज्यांनी स्वतः बसवलाय त्यांनी कृपया सांगा.